भिंतीआडची सही

मिस्त्री : मॅडम, माझं म्हणणं सरळ आहे. घरात वायर ओढणाऱ्याला महाराष्ट्रात तारतंत्रीचा परवाना लागतो. आयटीआय झालेल्याला तो मिळतो, कामाचा अनुभव असलेल्याला परीक्षा देऊनही मिळतो. शिरूरच्या नाहीतर दौंडच्या नगरपरिषदेत घराचा नकाशा दाखल करायचा, तर आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. आणि तेच घर उभं राहिलं, की आत शिरून कुठली भिंत पाडायची, छत किती खाली आणायचं, गीझरची वायर कुठल्या कपाटामागून न्यायची, हे जो ठरवतो त्याला काहीच लागत नाही. कार्ड छापलं की तो इंटिरियर डिझायनर. मी अठ्ठावीस वर्षं सुतारकाम करतोय. रांजणगावच्या एमआयडीसीतली ऑफिसं केली, कारेगाव-शिक्रापूरचे कामगारांचे फ्लॅट केले, तुमच्या दौंडला रेल्वेतून रिटायर झालेल्या लोकांचे बंगले केले. माझ्याकडं पदवी नाही. तरी मी म्हणतो, या धंद्याला परवाना पाहिजे आणि तो कायद्यानं पाहिजे.

मॅडम : मिस्त्री, हे तुम्ही म्हणावं याचं मला नवल वाटतं. परवाना आला तर सगळ्यांत आधी बाहेर तुम्ही पडाल आणि फायदा माझा होईल. मी पंधरा वर्षं हाच विषय शिकवते; परवान्याला पदवी लागली तर माझ्या वर्गाबाहेर रांग लागेल. तरीही मी विरोधात आहे. आज स्थिती काय आहे ते आधी नीट बघू. भारतात इंटिरियर डिझायनरला परवाना देणारा कायदाच नाही. शिकायच्या वाटा मात्र ढीगभर आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका आहे, बारावीनंतर चार वर्षांची डिझाइनची पदवी आहे, आयटीआयचा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या जे. जे. मध्ये हा विषय कलाशिक्षणाचा भाग म्हणून शिकवत आले आहेत. शिवाय गल्लोगल्ली सहा महिन्यांची सर्टिफिकिटं आहेत. यातलं एकही सक्तीचं नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्था 1972 पासून आहे, पण तिचं सभासदत्व ऐच्छिक आहे. तो परवाना नव्हे. त्याच 1972 साली वास्तुविशारदांचा कायदा झाला. त्यांना पाच वर्षांची पदवी लागते, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. आणि एवढं करूनही मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काय सांगितलं? की या कायद्याचं कलम 37 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतं, कामाला नाही. नोंदणी नसलेला माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही, पण त्या प्रकारचं काम करण्यापासून हे कलम त्याला अडवत नाही. ज्यांच्यासाठी कायदा झाला, त्यांच्या हाती जवळपास पन्नास वर्षांनी फक्त नाव उरलं. मग तुमच्या परवान्यानं काय हाती येणार?

मिस्त्री : नाव ही लहान गोष्ट नाही, मॅडम. नाव असलं की धरायला माणूस असतो. एक सांगतो. शिरूरमध्येच एका फ्लॅटचं काम होतं. मालकाला स्वयंपाकघर आणि हॉल एक करायचा होता. डिझायनर पोरगा हुशार होता, लॅपटॉपवर असं चित्र दाखवलं की मालकीणबाई हरखून गेल्या. मी भिंतीला हातोडीनं टकटक केली. वीट बोलते वेगळी, काँक्रीट बोलतं वेगळं. कोपऱ्यातला नऊ इंच भाग भरीव बोलला. म्हटलं, हा कॉलम आहे. पोरगा म्हणाला, सगळा नाही, थोडा छिलायचा, तिथं फ्रिज बसतो. मी हत्यारं गोळा केली आणि उतरलो. चार दिवसांनी दुसऱ्या टोळीनं तो छिलला; त्यात वीस वर्षांचा अनुभवी एक जणही होता. गजाच्या वरचं कव्हर गेलं, गज उघडे पडले, वर प्लाय मारून झाकून टाकले. दोन वर्षांनी मालक माझ्याकडं आला, वरच्या मजल्यावर भेगा गेल्या म्हणून. त्या पोराचा नंबर बंद. नकाशावर नाव नाही, पावती नाही, पैसे रोख दिलेले. मालकाला ग्राहक आयोगात जायचं होतं, पण कुणाच्या विरुद्ध जायचं? त्या दिवसापासून मी परवान्याचा माणूस झालो.

मॅडम : तुमचा संताप मला कळतो, आणि तुम्ही उतरलात हे मोठं केलंत. पण बघा, त्या घटनेत कमी काय होतं? कॉलम छिलणं आजही चालत नाही. सोसायटीच्या उपविधीत फेरफाराआधी समितीची परवानगी घ्यावी लागते. बांधणीला हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आगीच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्रात 2006 चा वेगळा कायदा आहे आणि ती कामं परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यायची असतात. वायरमन तुम्हीच सांगितलात. म्हणजे घरातल्या जिवावर बेतणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आधीच कुणीतरी परवानाधारक आहे. ते सगळं वजा केल्यावर डिझायनरकडं उरतं काय? या घरात राहणार कोण, आजींना पहाटे उठल्यावर दिव्याचं बटण हाताला लागतं का, पोरगं अभ्यासाला कुठं बसणार, दौंडच्या एप्रिलमध्ये पश्चिमेची खिडकी कशी झाकायची, हे उरतं. हे सगळं शिकवता येतं, पण सरकारी परीक्षेत त्याला गुण कसे देणार? अमेरिकेनं हे करून बघितलंय. तिथं अनेक राज्यांत पदवी, मग साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि मग एनसीआयडीक्यू नावाची परीक्षा असा मार्ग आहे. अलाबामानं 1982 मध्ये सगळ्यांत आधी या व्यवसायाच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं, पुढं जाऊन कामालाच परवाना लावला. 2007 मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. फ्लोरिडात ऑफिसं-दुकानांच्या इंटिरियरला परवाना सक्तीचा होता, ती सक्ती 2020 मध्ये काढून टाकली. वाद तिथंही हाच होता : सोफा आणि पडदा निवडणाऱ्याला अडवून लोकांचं कुठलं रक्षण होतं?

मिस्त्री : सोफा-पडद्याचं मी बोलतच नाही. तुम्ही म्हणता प्रत्येक गोष्टीला परवानाधारक आहे. असेल. पण घरं बिघडतात ती जोडावर. हॉल साडेनऊ फुटांचा. नियमात राहत्या खोलीची उंची कमीत कमी 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट. डिझायनर म्हणतो, सीलिंग दहा इंच खाली घ्या, लाइट छान दिसतो. झाली खोली पावणेनऊच्या आत. पीओपीवाल्याची चूक नाही, त्याला माप दिलं तसं त्यानं केलं. मग पंखा लटकतो डोक्यावर, म्हणून पंखा काढून एसी. एसीला जाड वायर हवी, ती आधी टाकलेली नाही. वायरमन म्हणतो, भिंत रंगवून झाली, आता फोडू कशी, टीव्ही युनिटच्या मागून नेतो. मी तिथं प्लाय मारलेला. बंद लाकडाच्या मागं जोड दिलेली वायर राहिली. यात कुणाचं काम चुकलं? आपापल्या जागी प्रत्येक जण बरोबर. ज्यानं हे सगळं एकत्र डोळ्यांपुढं धरायचं, त्यालाच परवाना नाही. मी काय करतो सांगू? कपाटाची पाठ मारायच्या आधी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढतो : इथून वायर गेली, इथून पाण्याचा पाइप. खाली तारीख, माझं नाव, फोन नंबर. पाठ लागली की ते कुणाला दिसत नाही. दहा वर्षांनी कुणी कपाट काढलं तर दिसेल.

मॅडम : हे मला माहीत नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पेपरावर नकाशा काढायला शिकवते, पण भिंतीवर काढायला शिकवलेलं नाही.

मिस्त्री : आणि मालाचं घ्या. ओट्याखालच्या सिंकच्या कपाटाला कुठला प्लाय? आमच्याकडं बोअरचं क्षाराचं पाणी, नळाचा जोड ठिबकतो, सहा महिन्यांत साधा प्लाय फुगून पापड होतो. दुकानदार मरीनचा शिक्का दाखवतो. मरीन प्लायच्या मानकाचा नंबर 710. त्यात तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून बघायचा असतो. मी प्रत्येक नव्या मालाचा बोटभर तुकडा कापतो आणि घरी जुन्या पातेल्यात टाकतो. चूल चालू असेल तेवढा वेळ तो उकळतो, मग रात्रभर पाण्यात, सकाळी पुन्हा चूल. चौथ्या दिवशी कडेला पटाशी घालून बघतो. पदर सुटले तर माल परत. मानकाएवढं कडक नाही हे, पण खोटा शिक्का एवढ्यात उघडा पडतो. ही विद्या आहे की नाही? हिची परीक्षा घेता येत नाही का?

मॅडम : येते. आणि इथंच तुमचं आणि माझं भांडण नेमकं कुठं आहे ते दिसतं. तुम्ही मागताय परीक्षा. कायदा मागेल शिक्षण. ते एक नाही. पातेल्यातला प्लाय तपासायला परीक्षकाला चार दिवस थांबावं लागेल. पदवीचा कागद खिडकीवरचा कारकून दहा सेकंदांत तपासतो. सरकारी व्यवस्था नेहमी कागदाकडं झुकते, कारण कागद मोजता येतो. तुमच्याच तालुक्यातलं पाबळ घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये पाबळच्या उजाड माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली पोरं तिथं वर्षभर राहून वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती करत करत शिकली. गोल घुमटाची घरं त्यांनी उभी केली, पाबळ डोम म्हणून ती ओळखली जातात. अमेरिकेतल्या एमआयटीनं स्वतःच्या देशाबाहेर पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवून बघायची कार्यशाळा, काढली ती पाबळला. कलबागांचा सगळा आग्रह एवढाच होता की माणूस हातानं करताना शिकतो. आता तुमचा परवाना आला आणि त्याला चार वर्षांची पदवी लागली, तर पाबळहून शिकून आलेलं पोरगं दारातच अडेल. वर्गात थ्रीडी चित्र काढून पास झालेलं, कधी भिंतीला हातोडी न लावलेलं पोरगं आत जाईल. कॉलम छिलायला लावणारा तो डिझायनर कोण होता आठवा. उद्या त्याच्याकडे परवानाही असेल.

मिस्त्री : पाबळचं मी जाणतो. पण तुम्ही अर्धंच सांगितलं. त्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता घेतली ना त्यांनी? शाळेत आठवी ते दहावीला त्यांचा विषय बसवला, त्यालाही राज्याच्या बोर्डाची मान्यता लागली. एवढी मोठी माणसं, हातावर एवढा विश्वास ठेवणारी. त्यांनासुद्धा पोरांच्या हातात कागद द्यावासा वाटला. का? कारण पोरगं गावाबाहेर पडलं की त्याचा हात कुणी बघत नाही. मलाही विश्वकर्मा योजनेचं ओळखपत्र मिळालं. 2023 मध्ये सुरू झाली, अठरा धंद्यांत सुतारही आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, कमी व्याजाचं कर्ज. चांगलं आहे. पण कंपनीच्या ऑफिसचं काम मागायला गेलो की खरेदी खात्याचा साहेब विचारतो, क्वालिफाइड डिझायनर कोण? ते कार्ड दाखवून भागत नाही. मग मी एका पोराला महिन्याला पैसे देतो, त्याच्या डिग्रीसाठी. काम माझं, नाव त्याचं. आणि तुम्ही म्हणता दार बंद होईल, तर 1972 च्या कायद्याचं काय? तुमच्यासारख्याच एका मॅडमनं मला सांगितलं होतं, तो कायदा आला तेव्हा पदवी नसलेले पण पाच वर्षं तेच काम करणारे लोकही पहिल्या नोंदवहीत घेतले. मग आम्हालाही तसं घ्या.

मॅडम : बरोबर आहे, कलम 25 मध्ये ती तरतूद होती. पण ती पहिल्या नोंदवहीपुरती होती. दार एकदा उघडलं, आत होते त्यांना घेतलं आणि मागं बंद केलं. त्यानंतर आलेल्याला पदवीशिवाय वाट नाही. तुम्ही आत जाल, मिस्त्री. तुमच्या हाताखाली रंधा धरायला शिकणारा न्हावऱ्याचा तो एकोणीस वर्षांचा पोरगा राहील बाहेर. तुमच्या पिढीला मान मिळेल आणि तुम्ही ज्या वाटेनं आलात ती वाट बुजेल. मला भीती याची आहे. अडाणी माणसं धंद्यात राहतील याची मला तेवढी नाही. शिकायचा एक अख्खा रस्ता, उस्तादाजवळ बसून शिकण्याचा, कायद्यानं बेकायदा ठरेल.

मिस्त्री : मग तो रस्ताही परवान्यात बसवा. पाच वर्षं मिस्त्रीजवळ काम केलं, नोंद ठेवली, परीक्षा दिली, तर परवाना. तारतंत्रीला जमतं तर इथं का जमू नये?

मॅडम : जमावं असं मलाही वाटतं. आमच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथं 1898 च्या सुमाराला मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळातून वाचलेल्या, घरातून टाकलेल्या बायका तिथं आल्या. कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्याच बायका विणकाम शिकल्या, त्यांनी छापखाना चालवला, रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथं छापलं. त्यांना आधी पात्रता कुणी विचारली नाही. पण मला जास्त आठवतं ते रमाबाईंचं स्वतःचं. 1878 मध्ये कलकत्त्याला विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या कुठल्याही पाठशाळेत गेल्या नव्हत्या, रानावनात आईवडिलांकडून शिकल्या होत्या. समोर बसलेल्यांनी त्यांना काय येतं ते बघितलं. अशी परीक्षा असेल तर मी तुमच्या बाजूला येते. पण इथं एक गाठ आहे. ते पंडित स्वतः संस्कृत जाणत होते, म्हणून रमाबाईंना तपासू शकले. तुमची परीक्षा घेणारं मंडळ बसेल तेव्हा त्यात कोण असेल? माझ्यासारखे प्राध्यापक. त्यांच्यातल्या कितींनी प्लाय उकळून बघितलाय? मी नाही बघितलेला.

मिस्त्री : मंडळात मिस्त्रीही बसवा.

मॅडम : आणि कुठले मिस्त्री, ते कोण ठरवणार? तुम्ही जी टोळी सांगितलीत, कॉलम छिलणारी, त्यातलाही एक जण वीस वर्षांचा अनुभवी होता म्हणालात. अनुभव म्हणजे ज्ञान हे धरून चालायचं नाही, हे मी तुमच्याच गोष्टीवरून शिकले.

मिस्त्री : हे खरं आहे. याला माझ्याकडं उत्तर नाही. पण मी परवाना का धरून बसलोय त्याचं एक कारण सांगितलंच नाही अजून. माझी मुलगी बारावी झाली, सायन्सला, गणित घेऊन. सुट्टीत माझ्याबरोबर साइटवर येते. गुण्या लावून बघते, सूतभर फरक तिच्या नजरेला कळतो, माझ्या हेल्परला नाही कळत. तिला हेच करायचंय. माझं कसं आहे, मी पुरुष, पन्नाशीचा, हातात टेप घेऊन उभा राहिलो की गवंडी-प्लंबर ऐकतात. तिचं कोण ऐकेल? ती बोलली की सगळे माझ्याकडं बघतात. मला कागद नाही लागला. तिला लागणार.

मॅडम : हे तुम्ही मला सांगायला नको होतंत, मिस्त्री, माझी बाजू ढिली होते. मी पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. कुरकुंभला एका कंपनीच्या कँटीनचं काम होतं. फरशीवाल्याला म्हटलं, उतार उलट जातोय, पाणी दाराकडं येईल. त्यानं मालकाला विचारलं, ही कोण? मालकानं सांगितलं, मॅडम डिग्रीवाल्या आहेत. त्यानं निमूटपणे फरशी उचलली. मला उताराचं जे कळत होतं ते डिग्रीनं शिकवलं नव्हतं, आमच्या न्हाणीत वर्षानुवर्षं पाणी तुंबायचं त्यातून कळलं होतं. पण ते बोलायचा अधिकार त्या कागदानं दिला. इतकी वर्षं मी वर्गात कागदाविरुद्ध बोलते आणि उभी त्याच्यावरच आहे. तरीही माझी शंका जात नाही. तुमच्या मुलीसाठी जो कागद दार उघडतो, तो न्हावऱ्याच्या पोरासाठी दार लावतो. दोघंही तुमच्याच कामावर आहेत.

मिस्त्री : मग तिला कुठं घालू? तेवढं तरी सांगा. आर्किटेक्चरला पाच वर्षं आणि फी. तुमच्या पदविकेला तीन.

मॅडम : कायद्याच्या दृष्टीनं आज आर्किटेक्ट या एकाच नावाला आधार आहे. प्रवेशपरीक्षा आहे, नाटा, ती तिनं द्यावी. परवडत नसेल तर पदविका, आणि सगळ्या सुट्ट्या तुमच्याबरोबर. माझ्या पदविकेनं तिला घर कळेल असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. घर तिला तुमच्या कामावर कळेल. पण तुमच्या कामावर तिला कुणी विचारणार नाही. या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी देणारी शाळा मला माहीत असती, तर मी तिथंच शिकवत असते.

मिस्त्री : परवा कवठ्याच्या कामावर एक झालं. कपाटाची पाठ मारायच्या आधी ती म्हणाली, बाबा, आज रेघा मी मारते. सगळं नीट काढलं, वायर, पाइप, कुठं जोड आहे तिथं फुली. तारीख घातली. नावाच्या जागी पेन्सिल थांबली. मला म्हणाली, कुणाचं लिहू?

मॅडम : तुम्ही काय सांगितलंत?

मिस्त्री : माझं लिही म्हटलं. काम माझ्या नावावर घेतलेलं, उद्या काही झालं तर फोन मला यायला पाहिजे. तिनं लिहिलं. पाठ मारली. येताना गाडीवर घोडनदीच्या पुलापर्यंत ती काही बोलली नाही.